आबांनी बांधलेली जाळी

वेदांतच्या डाव्या भुवईच्या वर चार टाक्यांचा व्रण आहे. तो आता दहावीला आहे, आणि त्या व्रणाबद्दल कुणी विचारलं की आमच्या घरात एकच उत्तर ठरलेलं आहे. लहानपणी कालव्यावर पडला, आजोबांनी बांधलेली गाठ सुटली म्हणून. मीही हेच उत्तर देत आलो. डॉक्टरांना दिलं, शेजाऱ्यांना दिलं, शाळेत फॉर्म भरताना ओळखखुणेच्या रकान्यापाशी बाईंनी सहज विचारलं तेव्हाही दिलं. ते उत्तर खोटं आहे. आबांची गाठ कधी सुटली नाही. हे मला बारा वर्षं माहीत आहे. आणखी एका माणसाला माहीत होतं, ते स्वतः आबा. ते आता नाहीत.

आबा म्हणजे माझे सासरे, सविताचे वडील. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे. अर्धं आयुष्य त्यांनी मेंढरांमागे काढलं. पावसाळा सरला की कळप घेऊन घाटाखाली उतरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. पुढे शेताला पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लागला. पण हातांना ते कुणी सांगितलं नसावं. दोरीचा तुकडा दिसला की आबांची बोटं हलायला लागायची. आमच्या बारामतीच्या घरात अशी एक वस्तू उरली नव्हती जिला त्यांची गाठ नव्हती. पिठाचा डबा, सिलिंडरवरचं फडकं, वॉशिंग मशीनचं झाकण, माझ्या डब्याची पिशवी. दिसायला साधी गाठ. चुकीचा पदर ओढला की आवळत जायची आणि बरोबर पदर अंगठ्याने मागे रेटला की हातात सुटून यायची. कारखान्यात सुरुवातीला जेवणाच्या सुट्टीत माझा डबा उघडायला निम्मी सुट्टी जायची आणि सोबतचे लोक म्हणायचे, "साहेब, सासऱ्यानं उपाशी ठेवायचंच ठरवलंय वाटतं."

ते आमच्याकडे आले ते नाइलाजाने. ओवी आणि वेदांत जुळी. तीन वर्षांची होईपर्यंत त्यांनी तीन सांभाळणाऱ्या बायका पळवून लावल्या. तिसरी म्हणाली होती, "वहिनी, मला दुसरीकडं काम लागलंय." पुढचा महिनाभर ती तिच्या दारात निवांत शेंगा फोडत बसलेली आम्हाला रोज दिसायची, आणि आम्ही मान खाली घालून जायचो. तिचा दोष नव्हता. वेदांतने माझा मोबाईल पाण्याच्या पिंपात सोडला होता आणि दुसरं काही तरंगतं का हे बघायला ओवीने घरमालकांचा चष्मा मागोमाग सोडला होता. दोघांनी मिळून सविताला बाथरूममध्ये कोंडून घातलं आणि बाहेर बसून तिची बिस्किटं खाल्ली. सविता शाळेत शिक्षिका. मी भवानीनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, पाळीची ड्युटी. हंगामात रात्रपाळी करून यायचो आणि झोपलो की पाचव्या मिनिटाला पोटावर कुणीतरी उडी मारायचं. त्या दोन वर्षांतला मी मला फारसा आठवत नाही. कायम दमलेला, कायम कुणावर तरी खेकसणारा एक माणूस आठवतो.

आबा एसटीतून उतरले ते ज्वारीचं पोतं घेऊन. आठ दिवस राहतो म्हणाले. लेकीच्या घरी बापाने राहावं, तिचं अन्न खावं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. म्हणून खाण्यापुरती ज्वारी स्वतःची. आठाचे पंधरा दिवस झाले, मग महिना, आणि दर महिन्याला एक पोतं येत राहिलं. सविता चिडायची. "आबा, मी काय परकी हाय का? गहू तांदूळ आमचा खाता, मग ज्वारीचंच काय एवढं?"

"तू परकी न्हाईस बाय," आबा म्हणायचे, "पाव्हणं हायती."

पाहुणे म्हणजे मी. लग्नाला आठ वर्षं झाली होती, त्यांच्यापुढे मी बनियनवर फिरत होतो, तरी त्यांच्या लेखी मी पाहुणाच. जावयाला शब्द लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. मी आणि सविता भांडायला लागलो की ते ओसरीतून खोकायचे आणि म्हणायचे, "सविता, पाव्हण्यास्नी आधी जेवाय वाढ. मग काय भांडायचं ते भांड." एकदा चूक उघड माझी होती. लसीची तारीख मी विसरलो होतो. आबा मध्येच म्हणाले, "मला सांगितलं हुतं त्यांनी. माझ्याच ध्यानात न्हाय राह्यलं." मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला बरं वाटलं. किती सहज बरं वाटलं, हे आता लिहिताना खुपतं.

पोरांवर ते कधी ओरडले नाहीत. मी एकदा वेदांतला दोन फटके दिले तेव्हा त्याला बाजूला घेऊन त्यांनी काखेत धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उड्या मारतंय तवर कोकराची काळजी न्हाय करायची. एका जागी बसून राह्यलं की मग उठून बघायचं." रोज संध्याकाळी दोघांना अंगणातून घरात घेताना उंबऱ्यात उभं राहून ते प्रत्येकाच्या पाठीला हात लावायचे. एक पाठ, दुसरी पाठ. आकडा तोंडाने कधी म्हणायचे नाहीत, नुसतं "भरली" म्हणायचे. शेकडो मेंढरं मोजलेला माणूस दोन पोरं मोजतोय याचं मला हसू यायचं. पोरांना तो खेळ वाटायचा. ती मागच्या दाराने पळून परत पुढे यायची आणि पुन्हा मोजून घ्यायची. आबा न कंटाळता मोजायचे. मी पहिल्या पाळीवरून येताना तिथेच सापडलो की माझ्याही पाठीला तो हात लागायचा, आणि मगच "भरली" यायचं.

ओसरीला लोखंडी फाटक होतं आणि त्याची कडी पोरांना चार दिवसांत उघडता यायला लागली होती. घरापासून कालवा हाकेच्या अंतरावर. घरमालक कुलूप लावू देईनात, कारण जिन्याची वाट त्याच फाटकातून. तेव्हा आबा निरवांगीला गेले आणि येताना जाळी घेऊन आले. मेंढरं रात्री कोंडायला माळावर लावतात ती, दोरखंडाची. वाघर म्हणतात तिला. माळ्यावर पडून होती, उन्हात टाकून झटकली, तरी घरभर मेंढरांचा वास आला. ओसरी जिथे संपते तिथे त्यांनी ती कमरेइतक्या उंचीची आडवी बांधली. मोठ्या माणसाने एक गाठ सोडून बाहेर पडायचं आणि परत बांधायची. सविताला लाज वाटली. "लोक म्हणतील, पोरं हायत का मेंढरं?"

"कडी कळती पोरास्नी," आबा म्हणाले. "गाठ कळाय वेळ लागतोय. तवर मोठी हुत्याली."

खरंच, त्या जाळीपाशी दोघं हरली. बसून, दातांनी, चमच्याने, सगळं करून बघितलं. गाठ आवळत गेली. आबा बाजूला बसून बघायचे आणि मिशीत हसायचे. आम्हाला दोघांनाही त्यांनी ती गाठ दाखवली होती. सविता शिकली. मला सोडता यायची, बांधता यायची नाही. मी बाहेर पडताना आबाच मागून येऊन बांधायचे. शिकून घ्या म्हणाले होते. मी रविवारी शिकतो म्हणालो होतो.

जून महिना होता. पोरं बालवाडीत जाणार म्हणून नवे बूट आणले होते, आणि बुटाची नाडी बांधायला शिकवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. आठवडाभर रोज संध्याकाळी आम्ही तिघं बूट घेऊन बसायचो. बांधणं दोघांनाही जमेना, सोडणं मात्र पहिल्याच दिवशी जमलं. "हे टोक ओढलं की सुटतं," मी सांगायचो. ओवी ओढायची, सुटायचं, ती टाळ्या वाजवायची.

त्या दिवशी मी घरी होतो. गाळप संपून कारखान्यात दुरुस्तीची कामं चालली होती. माझी साप्ताहिक सुट्टी होती, सविताची शाळा. दुपारी तीनच्या सुमाराला नळाला पाणी आलं. आबा म्हणाले, "पाव्हणं, पोरं झोपल्याती. मी मागं पाणी भरतो, तुमी हायच की हितं." मी हो म्हणालो. पोरांशेजारी पाच मिनिटं बसलो. मग मला वाटलं, कोपऱ्यावर जाऊन एक चहा प्यावा. तहान नव्हती, कुणाला भेटायचंही नव्हतं. कुणी अंगावर चढणार नाही अशी दहा मिनिटं हवी होती, एवढंच. आबांना हाक मारली असती तर ते बादली ठेवून आले असते, गाठ बांधली असती, काही विचारलंही नसतं. पण स्वतःच्या झोपलेल्या पोरांपासून पळून चाललोय हे त्यांना दिसलं असतं. ते मला नको होतं.

उठलो तेव्हा ओवीने डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं. तिने डोळे मिटले. मी चपला हातात घेऊन ओसरीत आलो, जाळी सोडली, बाहेर पडलो आणि वळून मला येते ती गाठ मारली. बुटाच्या नाडीची.

चहा अर्धा झाला होता तेव्हा एक पोरगं सायकलवरून ओरडत गेलं, कालव्यात जुळी पोरं पडली म्हणून. पडला होता वेदांत. शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, कपाळ फुटलं आणि गळ्याइतक्या पाण्यात गेला. शेजारीच एक बाई गोधड्या धूत होती. तिने हातातली गोधडी टाकून त्याची कॉलर धरली. मी पोचलो तेव्हा तो तिच्या मांडीवर पालथा होता आणि ओकत होता. ओवी वरच्या पायरीवर उभी होती. पायात बूट उलटसुलट घातलेले. ती मला म्हणाली, "पप्पा, आम्ही तुमच्याकडे येत होतो." त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही. नंतर शोधायला गेलो, सापडली नाही.

दवाखान्यातून परतलो तेव्हा सहा वाजले होते. सविता शाळेतून थेट दवाखान्यात आली होती. ओसरीत पाय ठेवला आणि तिने जाळी बघितली. एका बाजूने लोंबत होती. शेजारच्या काकूंनी तत्परतेने सांगितलं, "आजोबा मागं पाणी भरत हुते बघा." मी कुठे होतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

आबा जाळीपाशी उभे होते. नाडी बांधताना आधी एक साधी अढी घालतो आणि मग फूल बांधतो. टोक ओढलं की फूल सुटतं, ती पहिली अढी तशीच राहते. दोरीला ती अढी राहिली होती. आबांनी ती चिमटीत धरली. कळपात घुसलेल्या दुसऱ्याच्या मेंढराचा कान धरून त्यावरची खूण बघावी, तशी बघितली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी मला पुष्कळदा सांगितलेलं आहे. ते खरं असेलच असं नाही.

"आबा," सविता म्हणाली, "गाठ तुम्ही बांधली होती ना?"

आबांनी अंगठ्याने ती अढी सोडवून टाकली. दोरी सरळ झाली.

"व्हय बाय. ढिली पडली असंल. हातात आता पयल्यावानी बळ न्हाय राह्यलं."

"मग सांगायचं होतं तसं. कशाला भरवसा द्यायचा? आज माझं लेकरू गेलं असतं. जमत नसंल तर जावा निरवांगीला. मी बघते माझं मी."

त्या वेळी मी वेदांतला खांद्यावर घेऊन उभा होतो. सविता बोलायची थांबली. मला बोलायला भरपूर वेळ मिळाला. मी म्हणालो, "जाऊ दे सविता, म्हातारं माणूस आहे." हेच शब्द. मी त्यांना मोठेपणाने माफ केलं.

वेदांतचे टाके निघेपर्यंत आबा राहिले. ज्वारीचं अर्धं पोतं उरलं होतं, ते तसंच ठेवलं. निघताना उंबऱ्यात दोघांच्या पाठीला हात लावला, पण "भरली" म्हणाले नाहीत. सविता शाळेत गेली होती. मी स्टँडवर सोडायला गेलो. इंदापूरची गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो आणि मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी..." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पाव्हणं, लेकीला काय सांगू नका. बाप काय, आज हाय उद्या न्हाय. नवऱ्यावरचा तिचा भरवसा जाय नको." गाडी आली. ते खिडकीत बसले आणि मला म्हणाले, "ऊन लागतंय, जावा तुमी."

मी ते माझ्या सोयीने ऐकलं. त्यांनीच नको म्हटलं, मग माझा काय इलाज, अशी मी माझी समजूत घातली आणि त्या समजुतीवर दहाबारा वर्षं काढली.

नंतर आम्ही सणावाराला निरवांगीला जायचो. सविता त्यांच्याशी बोलायची, डबे द्यायची, पण राहायला चला असं पुन्हा म्हणाली नाही. तेही आले नाहीत. दोनेक वर्षांनी दिवाळीत मी एकटा त्यांच्याजवळ गोठ्यापाशी बसलो होतो. ते वासराचं दावं वळत होते. अचानक ते दावं माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमची ती गाठ शिकायची राह्यलीया." टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी माझी बोटं धरून पदर कुठून घ्यायचा, अंगठा कुठे दाबायचा ते दाखवलं. मला पाचसहा वेळा चुकलं. ते म्हणाले, "घाई कुठं हाय?" शेवटी जमली. त्यांनी ओढून बघितली, आवळली. "आता कुठं जाती," म्हणाले. आम्ही त्याबद्दल जे काही बोललो ते एवढंच.

परवाच्या उन्हाळ्यात आबा गेले. फार आजारी नव्हते. सकाळी बाजेवरून उठले नाहीत. मातीला सगळे जमले. ओवी आणि वेदांत आता त्यांच्यापेक्षा उंच. परत निघताना उंबऱ्यात ती दोघं उगीचच जराशी थांबली. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सविता बदलली. ती रडत नाही. काम करता करता मध्येच बोलते. महिन्यापूर्वी आम्ही मटार सोलत बसलो होतो आणि ती म्हणाली, "एवढं सगळं त्यांनी केलं. त्यांची एक चूक झाली, ती मला सोसवली नाही. बापाला घरातून जा म्हणाले मी." मी मटार सोलत राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही तरी त्या दिवशी म्हणाला होतात, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. तुमचं मन मोठं." मी उठून हात धुवायला गेलो.

आणि ओवी. मागच्या आठवड्यात ती खेळाचे बूट घालत होती. नाडीचं फूल बांधलं, थांबली, आणि मान खाली घालूनच म्हणाली, "पप्पा, मला एक विचित्र आठवतं. तुम्ही तोंडावर बोट ठेवलंय आणि मग मी जाळीचं टोक ओढतेय. असं झालं होतं का?"

मी म्हणालो, "स्वप्न पडलं असेल तुला. किती लहान होतीस."

ती बरं म्हणाली आणि खेळायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. तेव्हा मला कळलं की आबांचा शब्द पाळतोय, ही माझी सबबही आता उरलेली नाही. आबांनी माझी चूक स्वतःवर घेतली ती लेकीचा संसार नीट राहावा म्हणून. ती चूक त्यांची लेक उराशी धरून बसेल आणि तिची लेक स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा सोडेल, असं त्यांना नको होतं.

म्हणून हे लिहिलं. लिहून चार दिवस झाले आणि कागद माझ्या ड्रॉवरमध्येच आहेत. आबांची माफी मागायची वेळ गेली, ते देणं फिटणार नाही. जे अजून देता येईल ते एवढं आहे. सविता, आबांची गाठ सुटली नव्हती, ती मी सोडली आणि चुकीची बांधली. ओवी, ते स्वप्न नव्हतं.